कळसूची अट

हिमालयाशी माझे काही वैर नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. वैर धरायला दोन्ही पक्ष जरा तोलामोलाचे लागतात. एक पक्ष ८८४८ मीटर आणि दुसरा पाच फूट चार इंच, तोही टाचा उंचावून, अशी परिस्थिती असताना वैराची भाषा शोभत नाही. माझे भांडण आहे ते हिमालयातून परत आलेल्या माणसांशी. हिमालय आपल्या जागेवर उभा राहतो, ही त्याची थोरवी. माणसे मात्र नेमकी परत येतात, आणि आली की बोलतात.

ही मंडळी ओळखायला अगदी सोपी. परत आल्यावर निदान तीन महिने ती आपल्या थंडीला थंडी म्हणायला तयार नसतात. डिसेंबरात आमच्या नगरला पहाटे असा गारठा पडतो की चहाच्या किटलीपेक्षा चहावाल्याच्या तोंडातून जास्त वाफ निघते. (नगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, कागदावर मी तसे लिहितोही, पण जिभेला अजून बदलीची ऑर्डर मिळालेली नाही.) तर अशा गारठ्यात तुम्ही कानटोपी घालून स्कूटरला किका मारत असावे आणि शेजारच्या गॅलरीतून अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला एक गृहस्थ करुणेने तुमच्याकडे बघत असावा, तर खुशाल समजा की तो मे महिन्यात 'सार पास' करून आला आहे. "ही कसली थंडी हो? आम्ही उणे सहामध्ये तंबूत झोपलो होतो." झोपला असाल. पण आता तुम्ही सावेडीत आहात. तिथे आठ अंश म्हणजे आठच असतात.

मग फोटो. पूर्वी लोक काश्मीरहून यायचे, तेव्हा स्लाइड दाखवायचे. पडदा, प्रोजेक्टर, अंधार. निदान डुलकी तरी काढता यायची. आता मोबाइल हातात देतात आणि समोर बसून आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतात. चारशे बारा फोटो. सगळे पांढरे. एखाद्या फोटोत पांढऱ्यावर लाल ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे आमचे हेडकॅशियर. पुढच्या फोटोत ठिपका डावीकडे सरकलेला असतो, कारण तोवर त्यांनी पंधरा पावले टाकलेली असतात. चारशे बारावा फोटो संपला की प्रश्न येतो, "तुम्ही पाहिलाय का कधी बर्फ?" सूर असा की जणू विचारताहेत, "मुलीचं जमलं का कुठं?"

पाहिलाय. बँकेच्या कृपेने, एल.एफ.सी.वर, सहकुटुंब पाहिलाय. मनालीहून रोहतांगला जाताना रस्त्याच्या कडेला कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. तिथे मला २१४ नंबरचा कोट मिळाला. त्याच्या खिशात आधीच्या भाडेकरूचा अर्धा राजगिऱ्याचा लाडू होता, म्हणजे माणूस बहुधा महाराष्ट्रातलाच. वर पोचल्यावर बर्फ होता. होता म्हणजे काय, होताच. पण त्यावर घोडे होते, घोड्यांचे जे असते ते होते, मॅगीच्या पातेल्यांचे धुराडे होते, आणि रंग आमच्या शाखेच्या मागच्या भिंतीसारखा होता. पंधरा मिनिटे सगळ्यांनी एकमेकांवर बर्फ फेकला. सोळाव्या मिनिटापासून सगळा समाज मुतारी शोधू लागला. तिथे गाड्यांची अशी रीघ लागायची की राष्ट्रीय हरित लवादाला मध्ये पडून दिवसाला १२०० गाड्यांची मर्यादा घालावी लागली: आठशे पेट्रोलच्या, चारशे डिझेलच्या. देवळाच्या दारात रांगा लावाव्या लागतात हे ठाऊक होते. निसर्गाच्या दारात टोकन घ्यावे लागते, हे तिथे कळले.

आता कुणी म्हणेल, तुम्ही नुसते टुरिस्ट, आम्ही ट्रेकर. आम्ही चालत जातो. मान्य. चालत जाणाऱ्याला मी मानतो. आठ दिवस पाठीवर बोजा घेऊन, धाप लागत, पाऊल मोजत जो तेरा-चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडतो, त्याला तिथे पहाटे जे दिसते ते खरेच दिसत असणार. आभाळाचा तो निळा रंग, ती शांतता, शिखरावर पहिले ऊन पडताना होणारे सोने, यातले काही खोटे आहे असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच, की निसर्ग म्हणजे बर्फ, बर्फ नाही तो डोंगर फुकट, आणि फुकट आहे म्हणून तिथे वाटेल ते करावे, असा एक जमाखर्च आपल्या वर्गाच्या डोक्यात पक्का बसला आहे. मी कॉमर्सचा माणूस. खोटा जमाखर्च दिसला की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

बर्फाचे म्हणाल तर आमच्या जिल्ह्यातही तो पडतो. त्याला गार म्हणतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यापासून आमच्याकडच्या तालुक्यांपर्यंत जी गारपीट झाली, तेव्हा शिवारेच्या शिवारे पांढरी झाली होती. टीव्हीवर एक बातमीदार उत्साहाच्या भरात म्हणाला, अगदी काश्मीरसारखे दृश्य आहे. त्या काश्मीरखाली कुणाचा कांदा होता, कुणाचे डाळिंब होते, कुणाचा काढणीला आलेला गहू होता. नंतर महिनाभर पंचनामे चालले आणि पीककर्जाच्या काउंटरवर जी माणसे येऊन उभी राहिली, त्यांतल्या एकानेही आम्हाला बर्फाचा फोटो दाखवला नाही. तेव्हा पांढरे दिसले की हुरळून जायचे, ही नजरसुद्धा पोट भरलेल्या माणसाचीच असते. असो.

तर मुद्दा डोंगराचा. नगर जिल्हा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येते शिर्डी, फार तर शनिशिंगणापूर, आणि बाकी सगळा उन्हाळा. पण या जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले नावाचा तालुका आहे, आणि महाराष्ट्राचे सगळ्यात उंच शिखर त्यात आहे, हे आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेले असते. 'महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कोणते? कळसूबाई, १६४६ मीटर.' एक मार्क मिळाला, विषय मिटला. त्या मार्काच्या बदल्यात आपण त्या डोंगराला काय दिले, याची नोंद कुठल्याच खातेवहीत नाही. आमच्या शाखेत बावीस माणसे. त्यांतली नऊ हिमालयात जाऊन आली. कळसूबाईला किती? तीन. त्यांतला एक वसुलीसाठी पायथ्यापर्यंतच गेला होता, तो धरून तीन.

आणि त्या बिचारीचा गौरव तरी कसा करतात? 'महाराष्ट्राचे एव्हरेस्ट'! मला या बिरुदाचा मनस्वी राग आहे. आपल्या सख्ख्या आत्याला कुणी 'महाराष्ट्राची व्हिक्टोरिया' म्हटले तर चालेल का? हे एव्हरेस्टसाहेब सर्व्हे खात्याचे मोठे अंमलदार. १८४३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेले. त्या शिखराची उंची जगात सर्वाधिक आहे हे गणिताने काढले १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार यांनी, आणि १८६५ मध्ये नाव लागले जुन्या साहेबांचे. काम हाताखालच्याने करायचे आणि पाटी साहेबाची लागायची, हा प्रकार आम्हा बँकवाल्यांना नवीन नाही. पण म्हणूनच सांगतो, असल्या नावाची झूल आमच्या डोंगरावर टाकू नका. त्याचे नाव त्याच्याहून कितीतरी मोलाचे आहे.

गोष्ट अशी सांगतात. कळसू नावाची एक मुलगी इंदोरे गावच्या पाटलाकडे कामाला राहिली. राहताना तिने अट घातली: सगळी कामे करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पाटलाने ती कबूल केली. काही दिवस ठीक चालले. मग एके दिवशी पाहुणे आले, घाई झाली, आणि नेहमी होते तेच झाले. "आजच्या दिवस कर." तिने केले. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती जागा काळदरा, ही नावे अजून आहेत. आणि मग कळसू जी निघाली ती डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली. परत काही आली नाही.

युनियनच्या सभासदाने ही गोष्ट वाचून टोपी काढावी. लेखी करार नाही, साक्षीदार नाही, ग्रॅच्युइटीची आशा नाही; तरी सेवाशर्तीचा भंग झाला म्हणून एका कामवाल्या मुलीने नोकरी सोडली आणि महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेवर जाऊन बसली. इथल्या राजांची नावे किल्ल्यांना मिळाली, साहेबांची नावे तलावांना. भंडारदऱ्याच्या जलाशयाला अजून आर्थर लेक म्हणतात आणि धरणाला विल्सन डॅम. पण सर्वांत वरचे नाव मिळाले ते घरकाम करणाऱ्या मुलीला. जगात अशी किती शिखरे असतील?

आणि त्या शिखरावर आपण काय नेऊन टाकतो? केर आणि खरकटी!

बारी गावातून वर चढायला लागा. शेतांमधून वाट, मग दगडी पायऱ्या, मग कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या, आणि माणसाच्या वजनाप्रमाणे तीन-चार तास. पहिल्या शिडीपासून वाट चुकण्याची भीती नाही. वेफर्सच्या पाकिटांचा माग धरून जावे. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, वाढदिवसाच्या केकचा खोका (शिखरावर वाढदिवस साजरा करण्याची एक साथ आली आहे), झुडपात अडकलेला एक मोजा. दुसरा मोजा कुठे गेला असेल, या चिंतेत पुढचा चढ निघून जातो. वर कळसूबाईचे चिमुकले शेंदरी देऊळ. त्याच्या भोवती रविवारी सकाळी लक्ष्मी रोडसारखी गर्दी, आणि एकाच्या हातात भोंगा. होय, भोंगा, त्याला ते लोक ब्लूटूथ स्पीकर म्हणतात. ज्या बाईने दोन भांड्यांसाठी पाटलाचे घर सोडले, तिच्या उंबऱ्यावर आपण दर रविवारी हजार माणसांचे उष्टे सोडून येतो. ते उचलते कोण? बारीची पोरे, गावातल्या बाया, कधी एखादा डोंगरवेड्यांचा गट. म्हणजे कळसूच्याच लेकी-भाच्या. आजच्या दिवस कर, म्हणून पाटलाने एकदाच सांगितले होते. आपण बावन्न रविवार सांगतो.

आणि इथेच माझा मुख्य आक्षेप येतो. ही घाण करणारा माणूस अडाणी नसतो. आमच्या हेडकॅशियरांचेच उदाहरण घ्या. सार पासला त्यांनी सहा दिवस चॉकलेटचा कागद खिशात ठेवला. तिथे शिस्त कडक: स्वतःचा डबा स्वतः घासायचा, कचरा परत आणायचा, दारू-सिगारेट नाही, आरडाओरडा नाही, रात्री नऊला दिवे बंद. घरी पाण्याचा पेला हलवून न ठेवणारा हा गृहस्थ बर्फाच्या पाण्यात डबा घासत होता, आणि ते सांगताना त्याचे डोळे भरून येतात. "निसर्गानं आम्हाला नम्र केलं हो!" तोच माणूस पावसाळ्यात शाखेच्या सहलीबरोबर भंडारदऱ्याला गेला, तेव्हा रंधा धबधब्याकडे पाठ करून भज्यांचा कागद त्याने मागच्या मागे असा काही भिरकावला, की फलंदाजाने न बघता षटकार मारावा. मी म्हटले, "नम्रता कुठं गेली?" तर म्हणाले, "अहो, हा काय हिमालय आहे का?"

नाही ना! हा हिमालय नाही. आणि वयाचा मान द्यायचा असेल तर ऐका. कळसूबाईचा काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. भारताचा भूभाग आशियाला जाऊन धडकला आणि हिमालय वर यायला लागला, त्याला साधारण पाच कोटी वर्षे झाली. म्हणजे आमचा सह्याद्री दगडाने थोरला. धाकटा भाऊ उंच झाला, गोरा झाला, परदेशी पाहुणे त्याच्याकडे येऊ लागले, म्हणून थोरल्याच्या अंगणात थुंकायचे, हे कुठल्या घरचे वळण?

बरे, पैशाचा हिशेब. मनालीला बादलीभर गरम पाण्याला जास्तीचे पैसे पडतात. आपण देतो. डोंगरावर मॅगी दुप्पट दराने मिळते. आपण देतो, आणि "एवढ्या उंचीवर आणतात बिचारे" म्हणून वर कौतुक करतो. बारीला एखादी मावशी चुलीवर भाकरी, पिठले, ठेचा आणि वर भात असे ताट दीडशे रुपयांत वाढते, तिथे मात्र आपल्यातला अर्थतज्ज्ञ जागा होतो. "मावशी, आम्ही सात जण आहोत, काहीतरी कमी करा की." मावशी म्हणते, "दादा, पानी खालून आनलंय डोक्यावं." ते दादाला ऐकू येत नाही. दादा दोन दिवसांपूर्वीच हजारो रुपयांचा पाऊस न लागणारा कोट घेऊन आलेला असतो. वाटाड्या घ्या म्हटले तर म्हणतो, मोबाइलमध्ये नकाशा आहे. मग धुक्यात वाट चुकली की रात्री बॅटऱ्या घेऊन त्याला शोधायला जातो तोच वाटाड्या, आणि तोही फुकट.

पाण्यावरून आठवले. घाटघरला वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या नगर शहरात वीस-बावीस इंच. एकाच जिल्ह्यात हा दहापट फरक. हिमालयाच्या बर्फाने गंगा वाहते हे आपण भाविकपणे सांगतो. तुमच्या न्हाणीघरातल्या नळाला काय येते, ते विचारा. नगर शहराला पाणी मिळते मुळा धरणाचे, आणि मुळा येते हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या कुशीत. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण तिला अडवते, कालवे तिचे पाणी खाली नेतात, त्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि त्या उसावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या आसपास उभा राहिला. म्हणजे सकाळचा चहा घेता, तेव्हा त्यातले पाणी हरिश्चंद्रगडाचे आणि साखर रतनगडाची. आणि ज्या वाड्या-पाड्यांवर हे दोनशे इंच कोसळतात, तिथल्या बाया एप्रिलमध्ये हंडा घेऊन दरी उतरतात. उतार तीव्र, कातळ उघडा, पडले ते पाणी वाहून खाली आपल्याकडे येते. हा सगळा व्यवहार असा एकतर्फी आहे, की कुठल्याही ऑडिटरने 'असुरक्षित कर्ज' म्हणून शेरा मारला असता.

'पण बर्फाची मजा वेगळी' हे आता तुमच्या ओठांवर आले असेल. असेलच वेगळी. पुरणपोळीची मजा आइस्क्रीमपेक्षा वेगळी असते, म्हणून कुणी पुरणपोळीवर उभे राहत नाही. गणपतीनंतर पाऊस ओसरला की सोनकीने हे सगळे डोंगर पिवळे होतात, इतके, की नजर झुकवावी लागते. कारवी तर सात-सात वर्षे नुसती हिरवी उभी राहते आणि मग एका वर्षी अख्खा उतार जांभळा करून टाकते. मुदत ठेवीची एवढी निष्ठा मी कुठल्या खातेदारात पाहिली नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खाली ढग आणि पाठीशी सूर्य असा योग आला, तर समोरच्या ढगावर तुमची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ उमटते. इंद्रवज्र म्हणतात त्याला. गंमत अशी, की प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते, शेजारच्याच्या नाही. माणसाच्या स्वभावाचा एवढा अभ्यास असलेला दुसरा कडा कुठे असेल, मला ठाऊक नाही. त्याच गडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात शिवलिंग आहे. पाणी असे गार की हिमालयवाल्यांनी एकदा उतरून दाखवावेच. भोवती चार खांब होते, तीन तुटले. उरलेल्या एका खांबावर हे युग टिकून आहे, तो गेला की सगळे संपले, असे लोक मानतात. आपल्यातले काही जण त्याच खांबाला रेलून फोटो काढतात. जगबुडीची एवढी घाई!

काजव्यांचे तर विचारू नका. मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला झाडेच्या झाडे उजेडाने एकदम उघडतात आणि मिटतात. हा सगळा त्यांच्या लग्नाचा मामला. नर उजेडाने विचारतो, मादी उजेडाने उत्तर देते. दोन आठवड्यांचे आयुष्य, त्यात हे सगळे उरकायचे. तिथे आपण तीनशे गाड्या घेऊन जातो, हेडलाइट लावतो, मोबाइलची बॅटरी झाडावर मारतो आणि म्हणतो, "दिसत नाहीत हो फारसे." कुणाच्या लग्नात मंडपात ट्रक घालून 'नवरी कुठे आहे' म्हणून विचारावे, तसे. वर बरणीत चार काजवे पकडून आणणाराही एक जण असतोच. खाली गवतात बसलेल्या माद्यांवर किती बूट पडले, याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. अभय कुणाला, ते अजून ठरायचे आहे.

आणि ज्या हिमालयासाठी आपण हा डोंगर पायपुसणे केला, त्या हिमालयाचे तरी भले केले का? जोशीमठ हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर बसले आहे, तिथे जड बांधकामे करू नका, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले, तेव्हा सगळे म्हणाले, अरेरे. उत्तराखंडात उंचावरच्या कुरणांना बुग्याल म्हणतात. तिथे तंबूंची अशी गर्दी झाली की २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रात्रीचा मुक्काम बंद केला. म्हणजे आपले प्रेम ज्या डोंगरावर बसते, त्याला कोर्टात जावे लागते. आणि बसत नाही, त्याच्यावर आपण भज्यांचे कागद टाकतो. दोन्हीकडे वागणारे आपणच.

टीका पुष्कळ झाली, उपाय सांगा, असे कुणी म्हणण्याआधी सांगतो. उपाय बँकेचा आहे: अनामत. नेपाळने हा प्रयोग २०१४ मध्ये केला. एव्हरेस्टवर जाणाऱ्या तुकडीने चार हजार डॉलर भरायचे, प्रत्येकाने आठ किलो कचरा खाली आणायचा, तरच पैसे परत. दहा वर्षांनी तिथल्या अधिकाऱ्यांच्याच लक्षात आले की योजना फसली. लोक खालच्या कॅम्पवरचाच कचरा गोळा करून पैसे सोडवून नेत, वरचा वरच राहत असे. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. खोटे तारण दाखवून कर्ज उचलणारे आम्ही रोज बघतो. तेव्हा बारीच्या वाटेवर एक टेबल टाका. वर जाणाऱ्याच्या पिशवीतली प्रत्येक बाटली आणि प्रत्येक पाकीट मोजा, त्यावर शाईने नंबर घाला, नगाला शंभर रुपये अनामत घ्या, पावती फाडा. तोच नंबर खाली आला तरच पैसे परत. दुसऱ्याची बाटली चालणार नाही. जप्त रक्कम गावाच्या पाणी योजनेला. टेबलावर बसायला गावची मुले पगारावर ठेवा आणि भोंग्याला एक हजार लावा.

ही योजना मी मधल्या सुट्टीत मांडली. अग्रिम खात्याचे साहेब म्हणाले, चांगली आहे, वर कळवा. वर म्हणजे कुठे, ते सांगितले नाही. हेडकॅशियर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शंभर रुपयांसाठी रिकामी बाटली खाली कोण आणतो? मी तर सोडून देईन शंभर."

"मग अनामत पाचशे करू."

"पाचशे? बाटलीला? अन्याय आहे हो हा."

"सार पासला कागद सहा दिवस खिशात ठेवला होतात, तेव्हा अनामत किती होती?"

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने विचारले, "पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागेल का?"

"पाच हजारांच्या आत नाही लागत," मी म्हणालो.

"मग बघू," ते म्हणाले आणि काउंटर उघडायला गेले. कप तिथेच होता.